तामियाची १/२० लोटस ७९: काळ्या अंगावरची सोनेरी रेघ

तामिया या जपानी कंपनीचे १/२० प्रमाणातील ‘लोटस टाइप ७९, १९७८’ हे किट, क्रमांक २००६०, मी यंदा जूनच्या पहिल्या आठवड्यात उघडले आणि दिवाळीच्या तोंडावर ते पूर्ण झाले. मधल्या काळात पुण्याच्या पावसाने रंगकाम दोन महिने अडवून धरले, एकदा दिलेला रंग घासून पुन्हा द्यावा लागला आणि गाडीच्या डाव्या कुशीवरची एकच सोनेरी रेघ बसवण्यात सबंध रविवार गेला. एवढे होऊनही, फॉर्म्युला वन गाडीचे मॉडेल स्वतःच्या हाताने घडवावे असे ज्यांना मनापासून वाटते त्यांनी हे किट जरूर घ्यावे, असे माझे मत आहे. फक्त ते कशासाठी घ्यावे हे आधी नीट समजून घ्यायला हवे, कारण खोक्यावरचे चित्र पाहून आपण काळ्या-सोनेरी रंगसंगतीच्या प्रेमात पडतो आणि या गाडीचे सगळे शहाणपण तिच्या पोटाखाली दडलेले आहे, हे जोडणी निम्मी होईपर्यंत लक्षातही येत नाही.

मूळ गाडीविषयी थोडे सांगितल्याशिवाय किटविषयी बोलता येणार नाही. कॉलिन चॅपमन यांच्या लोटस संघाने ही गाडी जागतिक अजिंक्यपदाच्या शर्यतींत २१ मे १९७८ रोजी बेल्जियममधील झोल्डर येथे प्रथम उतरवली आणि मारिओ आंद्रेत्ती यांनी तीच शर्यत जिंकली. त्या हंगामात ७९ ने एकूण सहा शर्यती जिंकल्या. पाच आंद्रेत्ती यांनी आणि एक रॉनी पीटरसन यांनी. आंद्रेत्ती विश्वविजेते झाले, संघाचे अजिंक्यपदही लोटसकडे आले. या यशाचे कारण इंजिन नव्हते, कारण तेच कॉसवर्थ डीएफव्ही इंजिन प्रतिस्पर्ध्यांपैकी अनेकांकडेही होते. कारण होते गाडीच्या दोन्ही कुशींचा खालचा आकार. विमानाचा पंख उलटा करून ठेवावा तसा तो आकार आहे. त्याखालून जाणारी हवा अरुंद वाटेत शिरताच तिचा वेग वाढतो, दाब घटतो आणि गाडी रस्त्याकडे ओढली जाते. बाहेरची हवा बाजूने आत घुसू नये म्हणून कुशींच्या कडांना खालीवर सरकणारे पडदे होते. हे तत्त्व आदल्या वर्षीच्या लोटस ७८ मध्येच आले होते, परंतु ७९ मध्ये मागच्या चाकांचे स्प्रिंग आत घेतले गेले, इंधनाची टाकी चालकाच्या पाठीमागे एकाच ठिकाणी आणली गेली आणि हवेची वाट मागच्या टोकापर्यंत मोकळी करण्यात आली. किट जोडताना यातला प्रत्येक निर्णय बोटांना कळत जातो. मागच्या बाजूचे सस्पेन्शन जोडत असताना आपल्याला प्रश्न पडतो की हे सगळे इतके दाटीवाटीने आत का कोंबले आहे, आणि कुशीचा तळ बसवला की उत्तर समोर येते: त्या भागातून हवेला जायचे आहे.

जोडणीविषयी फार लिहिण्यासारखे नाही, आणि ही या किटची मोठी स्तुती आहे. भाग चौकटीपासून नाजूक पक्कडीने दोन टप्प्यांत कापावेत, आधी थोडे लांबून आणि मग अगदी जवळून, म्हणजे प्लास्टिकवर पांढरा डाग पडत नाही. चिकटवण्यासाठी मी तामियाचेच एक्स्ट्रा थिन सिमेंट वापरले. हिरव्या झाकणाची ४० मिलिलिटरची ती बाटली या छंदात सर्वांच्या टेबलावर असते. दोन भाग जुळवून धरायचे आणि झाकणातल्या ब्रशचे टोक फटीला नुसते टेकवायचे. पातळ द्रव आपोआप फटीत ओढला जातो आणि प्लास्टिक विरघळवून एकजीव करतो. बोट मात्र त्या फटीवर असता कामा नये, नाहीतर तो द्रव बोटाखालीही ओढला जातो आणि ठसा कायमचा उमटतो. प्रत्येक भाग चिकटवण्याआधी कोरडाच बसवून पाहण्याची सवय या किटने माझ्या हाताला पक्की लावली. फटीत लांबी, म्हणजे पुट्टी, भरण्याची वेळ संपूर्ण जोडणीत मला दोनदाच आली आणि दोन्ही वेळा नखाच्या टोकाएवढीच लागली.

इंजिन हा या किटमधला माझा सर्वांत आवडता भाग आहे आणि नवख्या माणसानेही सुरुवात तिथूनच करावी, असे मी सुचवीन. कीथ डकवर्थ यांनी रचलेले डीएफव्ही हे २,९९३ घनसेंटिमीटरचे, आठ सिलिंडरचे, ९० अंशांच्या कोनातले इंजिन. ४ जून १९६७ रोजी झांडफूर्त येथे जिम क्लार्क यांच्या लोटस ४९ मध्ये ते पहिल्यांदा धावले आणि पहिल्याच शर्यतीत जिंकले. पुढे त्याच्या नावावर १५५ विजय जमा झाले. हे इंजिन चौकटीत ठेवलेले नसते, तर चालकाच्या पाठीमागच्या भिंतीला थेट बोल्टने जोडलेले असते आणि मागची चाके, गिअरबॉक्स, सस्पेन्शन असा सगळा भार तेच पेलते. मॉडेलमध्येही जोडणी त्याच क्रमाने होते. म्हणून इंजिन मागच्या भिंतीला चिकटवताना ते किंचितही तिरके बसले, तर त्याचे परिणाम मागच्या चाकांपर्यंत जातात आणि पूर्ण झालेल्या गाडीचे एक चाक टेबलावर टेकतच नाही. मी हा जोड काचेच्या सपाट तुकड्यावर ठेवून, दोन्ही बाजूंना सारख्या उंचीच्या पट्ट्या लावून रात्रभर वाळवला. ही काळजी प्रत्येकाने घ्यावी.

इंजिनाला आधी काळे प्रायमर, म्हणजे रंग धरून ठेवणारा अस्तराचा थर, त्यावर तामियाच्या भराभर वाळणाऱ्या लॅकर रंगांपैकी एलपी-११ चंदेरी, आणि गिअरबॉक्सला थोडा मळकट धातूचा रंग दिला, कारण मूळचे आवरण मॅग्नेशियमचे असे आणि ते ॲल्युमिनियमइतके उजळ दिसत नसे. त्यानंतर पॅनेल लाइन ॲक्सेंट हा पातळ काळा रंग बोल्टांच्या भोवती आणि सांध्यांत सोडला. बारीक ब्रशचे टोक खाचेला टेकवले की रंग खाचेतून धावत जातो आणि आतापर्यंत नुसता चंदेरी दिसणारा गोळा अचानक यंत्र दिसू लागतो. इथे एक धोक्याची सूचना द्यायला हवी. हा रंग उघड्या, ताण असलेल्या प्लास्टिकवर कधीही सोडू नये, त्यातला द्रावक प्लास्टिकमध्ये शिरून ते ठिसूळ करतो. खाली रंगाचा किंवा लॅकरचा पक्का हात असला पाहिजे. सस्पेन्शनच्या काड्यांसारख्या बारीक भागांच्या बाबतीत तर ही सूचना दोनदा वाचावी.

स्पार्क प्लगच्या वायरी मी स्वतः घातल्या, आणि थोड्या खर्चात सर्वांत जास्त फळ देणारे काम कोणते असे विचारले तर मी याच कामाकडे बोट दाखवीन. खऱ्या प्लगची वायर साधारण ७ मिलिमीटर जाडीची असते. तिला २० ने भागले की ०.३५ मिलिमीटर येतात. हौशी लोकांसाठी अशी वायर परदेशांतून मागवता येते, पण आपल्याकडे मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात २९ गेजची तांब्याची तार मिळते आणि तिची जाडी जवळपास तेवढीच भरते. दुकानदाराने मला हातभर तार पैसे न घेता दिली. आठ सिलिंडर म्हणून आठ वायरी, हातड्रिलने ०.४ मिलिमीटरची आठ छिद्रे पाडायची, तार पेन्सिलीभोवती हलकेच वळवून तिला नैसर्गिक झोल द्यायचा, मग रंगवायची आणि बसवायची. तांब्याची तार दिलेला आकार धरून ठेवते, प्लास्टिकच्या वायरीसारखी उसळी घेत नाही. हवा आत घेणाऱ्या आठ तुताऱ्यांच्या कडा मी उजळ ॲल्युमिनियमने आणि आतला भाग मंद काळ्याने रंगवला. कवच काढून वरून पाहिले की चार-चारच्या दोन रांगांत त्या आठ कड्या चमकतात आणि त्यांच्यामध्ये वायरींची गुंतवळ दिसते. माझ्या मते या सबंध मॉडेलमधली सर्वांत देखणी जागा तीच आहे.

आता काळ्या रंगाकडे येतो, कारण या किटची परीक्षा तिथे होते. पांढऱ्या किंवा लाल गाडीवर धुळीचा एखादा कण खपून जातो. चकचकीत काळ्यावर कण, घासल्याची रेघ, नीट न भरलेला सांधा, बोटाचा ठसा, सगळे दिवा पाडताच उभे राहते. तामियाचा टीएस-१४ हा डब्यातला स्प्रे या कामासाठी प्रसिद्ध आहे, परंतु स्प्रेचे डबे विमानाने पाठवता येत नाहीत, त्यामुळे आपल्याकडे ते मिळतीलच याची खात्री नसते. मी बाटलीतला एलपी-१ काळा लॅकर घेऊन तो एअरब्रशने, म्हणजे हवेच्या दाबावर रंग फवारणाऱ्या छोट्या बंदुकीने, मारला. काम खिडकी उघडून आणि सेंद्रिय वाफा अडवणारा मुखवटा लावूनच केले. लॅकरच्या बाबतीत याला पर्याय नाही, आणि साधा कापडी मास्क त्या वाफांपुढे निरुपयोगी असतो.

जुलैमध्ये दोन दिवस पाऊस उघडल्यासारखा वाटला म्हणून मी कवचाला पहिला हात दिला. पंधरा मिनिटांत नाकाच्या बाजूला दुधाळ साय आल्यासारखे दिसू लागले आणि तासाभरात अर्धे कवच राखाडी पडले. याचे कारण सरळ आहे: लॅकरमधला थिनर भराभर उडून जातो, उडताना पृष्ठभाग थंड करतो आणि दमट हवेतली वाफ त्या थंड पृष्ठभागावर पाणी होऊन रंगातच अडकते. सावकाश उडणारा थिनर, म्हणजे रिटार्डर असलेला, हलक्या हाताने वरून मारला की रंग पुन्हा ओला होऊन पाणी निसटू शकते. मी तो प्रयोग केला आणि निम्मा डाग गेला. उरलेल्या निम्म्यासाठी सगळे कवच घासावे लागले. आमच्या गल्लीच्या तोंडाशी डेंटिंग-पेंटिंगचे गॅरेज आहे. तिथल्या काकांना मी ते कवच दाखवले, तेव्हा त्यांनी ते तळहातावर घेऊन उजेडाकडे तिरपे धरले आणि म्हणाले, “पावसाळ्यात आम्हीसुद्धा काळी गाडी उघड्यावर घेत नाही. थांबा जरा, घाई करू नका.” त्यांनी मला दोन हजार नंबरचा वॉटर पेपर दिला, पाण्यात साबणाचा थेंब टाकून घासायला सांगितले आणि कडांवर पेपर अजिबात नेऊ नये, तिथे रंग सर्वांत पातळ असतो, हेही बजावले. खऱ्या गाड्यांवर तीस वर्षे काम केलेल्या माणसाचा हा सल्ला १/२० च्या गाडीलाही तंतोतंत लागू पडला.

सप्टेंबरच्या अखेरीस हवा कोरडी झाल्यावर मी पुन्हा सुरुवात केली. आधी मिस्टर सर्फेसर १५०० हे काळे प्रायमर, त्यावर वॉटर पेपरचा एक हलका हात, मग एलपी-१ चे तीन पातळ आणि एक जरासा ओला हात, प्रत्येक दोन हातांमध्ये अर्धा तास. कंप्रेसरच्या नळीत पाणी पकडणारी बाटली बसवली होती. वाळत असताना धूळ बसू नये म्हणून झाकणाचा मोठा डबा वापरला आणि त्यात बल्ब लावून ऊब दिली. थर्मामीटर ठेवून ती ४५ अंशांच्या वर जाऊ दिली नाही, कारण पातळ प्लास्टिक उष्णतेने वाकते. या वेळी कवच असे उतरले की खोलीतल्या खिडकीचे गज त्यात मोजता येत होते.

त्यानंतर डीकॅल. पाण्यात भिजवून कागदावरून सरकवायची ही नाजूक पटले या गाडीचे सगळे सौंदर्य वाहून नेतात. नाकापासून निघून चालकाच्या बैठकीच्या बाजूने मागे जाणाऱ्या, कवचाच्या कडांना समांतर धावणाऱ्या सोनेरी रेघा जेमतेम अर्धा मिलिमीटर रुंद आहेत आणि त्या सरळ राहिल्या तरच गाडी लोटस दिसते. कोमट पाण्यात वीस सेकंद, मग बाहेर काढून मिनिटभर विश्रांती. जागेवर मार्क सेटरचा, म्हणजे डीकॅल नीट चिकटवणाऱ्या द्रवाचा, ओला हात. डीकॅल बोटाने न उचलता कागदावरून ओल्या ब्रशने सरकवायचे. जागेवर आले की ओलसर कापसाच्या काडीने मधून बाहेर लाटायचे. वळणावर मार्क सॉफ्टर हा डीकॅल मऊ करणारा द्रव लावला की डीकॅल सुरकुतते आणि काळजाचा ठोका चुकतो. त्या क्षणी हात मागे घेऊन खोलीबाहेर जावे, हा माझा अनुभवाचा सल्ला आहे; दहा मिनिटांत सुरकुत्या स्वतःहून खाली बसतात, परंतु तेवढ्यात बोट लावले तर ते फाटते.

माझ्या बाबतीत डाव्या कुशीच्या वळणावर रेघ तुटली आणि दोन मिलिमीटरची फट पडली. मी लांब रेघ एका दमात बसवायला गेलो होतो, हे त्याचे कारण. अशी रेघ वळणाच्या आधी धारदार पात्याने स्वतःच कापून दोन तुकड्यांत बसवावी, म्हणजे ताण येत नाही आणि जोड कोपऱ्यात लपतो. उजव्या बाजूला मी तसे केले आणि वीस मिनिटांत काम झाले. डावीकडची फट भरण्यासाठी एक्स-१२ सोनेरी रंगात एक्सएफ-५७ बफ या फिक्या पिवळसर तपकिरी रंगाचे काही थेंब मिसळून छापील सोन्याच्या जवळ जाणारा रंग तयार केला, कारण छपाईतले सोने नुसत्या सोनेरी रंगापेक्षा फिके, किंचित तपकिरी झाक असलेले आहे. मग दोन्ही बाजूंना बारीक टेप लावून तीन वेळा पातळ रंग भरला. आता ती जागा मला माहीत आहे म्हणून दिसते.

किटमधल्या डीकॅलच्या तक्त्यावर एक मोठी उणीव आहे आणि ती खरेदी करण्यापूर्वी माहीत असायला हवी. ही गाडी ज्या सिगारेट कंपनीच्या पैशांवर धावत होती, त्या ‘जॉन प्लेयर स्पेशल’ची अक्षरे त्यात नाहीत. तंबाखूच्या जाहिरातींवरील निर्बंधांमुळे असे चिन्हांकन आता किटबरोबर दिले जात नाही. हा निर्णय मला योग्य वाटतो, कारण ही खोकी मुलांच्याही हातात पडतात. मात्र १९७८ ची गाडी जशी होती तशी उभी करायची असेल, तर छोट्या स्वतंत्र निर्मात्यांचा जादा तक्ता मागवावा लागतो आणि त्याचा खर्च धरूनच किटची किंमत मनात ठरवावी. मला तो किटच्या किमतीच्या जवळपास एक तृतीयांश पडला. तो तक्ता किटबरोबर एकाच वेळी मागवावा. मी नंतर मागवला, आणि ज्या विक्रेत्याकडून मागवला त्याने तो जाड पुठ्ठ्याऐवजी साध्या पाकिटात दुमडून पाठवला. मधोमध पडलेल्या घडीमुळे एक अक्षर चिरले. विक्रेत्याला आधी लिहून कडक पुठ्ठा मागणे, हा त्यावरचा साधा उपाय आहे.

दोन क्रमांकांपैकी कोणता निवडायचा, हाही प्रश्न येतो. ५ क्रमांक आंद्रेत्ती यांचा, ६ पीटरसन यांचा. बहुतेक जण विश्वविजेत्याची गाडी करतात. मी ६ क्रमांक घेतला. १३ ऑगस्ट १९७८ रोजी ऑस्ट्रियात, पावसात मध्येच थांबवून पुन्हा सुरू केलेल्या शर्यतीत पीटरसन यांनी ही गाडी विजयापर्यंत नेली, आणि तो त्यांचा अखेरचा विजय ठरला. महिनाभरानंतर मोंझा येथे सकाळच्या सरावात त्यांची ७९ नादुरुस्त झाली म्हणून ते जुनी ७८ घेऊन उतरले, सुरुवातीलाच झालेल्या अपघातात त्यांचे पाय चिरडले आणि दुसऱ्या दिवशी, ११ सप्टेंबरला, त्यांचे निधन झाले. त्याच शर्यतीने आंद्रेत्ती यांचे अजिंक्यपद निश्चित झाले होते. ६ हा आकडा नाकावर बसवताना मी दार लावून घेतले होते आणि तो पहिल्याच प्रयत्नात सरळ बसला.

डीकॅल दोन दिवस वाळल्यावर त्यावर पारदर्शक लॅकरचे हात दिले. पहिले दोन अगदी धुरकट, कारण एकदम ओला हात दिला तर लॅकर डीकॅलला खाऊन टाकतो. आठवड्याने वॉटर पेपर आणि तीन टप्प्यांचे पॉलिश, ज्याला गॅरेजात नुसते रबिंग म्हणतात. डीकॅलची कड बोटाला लागेनाशी झाली की थांबावे. आणखी एकदा घासण्याचा मोह इथेच घात करतो.

टायर, आरसे, पंख या भागांविषयी थोडक्यात. रबरी टायरच्या मधोमध साच्याची शिवण असते. टायर हातड्रिलच्या दांड्यावर बसवून फिरवत पॉलिश पेपरवर टेकवला की शिवण जाते आणि चार फेऱ्या मारून आल्यासारखा मंद पोत येतो. बैठकीचे पट्टे मी शिशाच्या पातळ पत्र्यातून कापले, कारण तो पत्रा कापडासारखा झोल घेतो. पुढचे पंख सर्वांत शेवटी बसवावेत. ते आधी बसवले तर हाताळताना मोडणारच.

एक गोष्ट पुस्तिकेत लिहिलेली नाही आणि ती मला फार उशिरा कळली. प्रायमर, रंग आणि पारदर्शक लॅकर मिळून कवचाच्या कडांवर बऱ्यापैकी जाड थर बसतो आणि सुट्या अवस्थेत सैलसर बसणारे कवच रंगवल्यावर घट्ट होते. ते जोर लावून दाबले तर कडेचा रंग टवका होऊन उडतो. म्हणून कवच जिथे गाडीच्या अंगाला टेकते, त्या आतल्या कडा रंग देण्यापूर्वी टेपने झाकाव्यात, किंवा रंग वाळल्यावर पात्याच्या पाठीने आतून खरवडाव्यात. मी खरवडल्या, दोन संध्याकाळी गेल्या, टवका मात्र उडाला नाही.

हे किट पहिले किट म्हणून कोणी घ्यावे का? ज्याने याआधी एकही गाडी रंगवलेली नाही, त्याने आधी एखादी साधी, फिक्या रंगाची १/२४ गाडी करून हात बसवावा आणि मग इकडे यावे. ज्याचा हात बसला आहे, पण ज्याला केवळ बाह्य रूपाचे मॉडेल करून कंटाळा आला आहे, त्याच्यासाठी याहून समाधान देणारे किट माझ्या टेबलावर तरी आलेले नाही. एअरब्रश नसेल तर काळ्या स्प्रेची सोय आधी पाहावी. कोकणात, मुंबईत किंवा गोव्यात राहणाऱ्यांनी इंजिन, गिअरबॉक्स आणि आतील भाग जून ते सप्टेंबरमध्ये ब्रशने रंगवून घ्यावेत आणि कवच थंडीसाठी राखून ठेवावे. पावसाळ्याच्या चार महिन्यांत करण्याजोगे काम या खोक्यात भरपूर आहे.

माझी गाडी आता काचेच्या पेटीत आहे. तिच्या तळाशी मी आरसा ठेवला आहे आणि कवच शेजारी वेगळे ठेवले आहे, म्हणजे वरून डीएफव्ही दिसते आणि आरशात कुशींचा तो उलट्या पंखाचा तळ. परवा गॅरेजचे काका घरी आले होते. त्यांनी काळा रंग क्षणभर पाहिला, मान डोलावली आणि मग वाकून बराच वेळ आरशात पाहत राहिले.